आनुवंशिक कॅन्सरची जेनेटिक टेस्ट आणि काउन्सेलिंग

घराण्यातून आलेल्या एखाद्या बिघडलेल्या जनुकामुळे आपल्याला कॅन्सरचा धोका जास्त आहे का हे तपासणं म्हणजे ही टेस्ट, आणि टेस्ट करायची का, कोणाची करायची, रिपोर्टचा अर्थ काय आणि पुढे काय करायचं हे नीट बसून समजावून सांगणं म्हणजे काउन्सेलिंग. लोकांना वाटतं टेस्ट महत्त्वाची आणि काउन्सेलिंग म्हणजे गप्पा, पण खरं तर उलटं आहे.

आधी एक गैरसमज. जनुकं सगळ्याच कॅन्सरमध्ये बिघडतात, पण बहुतेकांच्या बाबतीत तो बिघाड जन्मानंतर होतो, एखाद्या अवयवातल्या पेशीत, वयामुळे, तंबाखूमुळे किंवा निव्वळ नशिबाने, आणि तो मुलांकडे जात नाही. जन्मापासून अंगातल्या प्रत्येक पेशीत बिघाड असलेले कॅन्सर साधारण ५ ते १० टक्केच. त्यामुळे आजोबांना ऐंशीव्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर झाला म्हणून सगळ्या घराने घाबरायचं कारण नाही. डॉक्टरांचे कान टवकारतात ते कमी वयात झालेला कॅन्सर, एकाच बाईला स्तन आणि ओव्हरी (अंडाशय) दोन्हीचा, पुरुषाला स्तनाचा, किंवा एकाच बाजूच्या दोनतीन नातेवाइकांना झालेला कॅन्सर ऐकून.

कॅन्सर घराण्यात चालतो ही शंका जुनीच आहे. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये आल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं की माझ्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार, आणि ती खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिनने तिच्या घराण्याची माहिती जमवून १९१३ साली छापली. पुढे १९६० च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला, म्हणून त्या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरच्या बाबतीत मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं की त्याचं एक जनुक १७ व्या क्रोमोसोमवर (गुणसूत्रावर) आहे, ते बीआरसीए१ नावाने १९९४ मध्ये हाती लागलं आणि पुढच्या वर्षी बीआरसीए२. मिरियड या अमेरिकन कंपनीने या दोन्ही जनुकांची पेटंटं घेतली होती, पण २०१३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की निसर्गात आहे तसा डीएनए कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात हॉलिवूडची नटी अँजेलिना जोलीने आपल्या बिघडलेल्या बीआरसीए१ बद्दल आणि कॅन्सर होण्याआधीच स्तन काढून टाकल्याबद्दल जाहीर लिहिलं, आणि ज्यांनी हे नावही ऐकलं नव्हतं ते लोक डॉक्टरांना विचारायला लागले.

काउन्सेलिंगमधलं पहिलं काम म्हणजे तीन पिढ्यांची वंशावळ काढणं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आता इथे आपली मराठी फार कामाला येते. इंग्रजीत आँटी म्हटलं की पुढे चार प्रश्न विचारावे लागतात, आपल्याकडे आत्या म्हटलं की वडिलांची रक्ताची बहीण, मावशी म्हटलं की आईची, आणि काकू-मामी लग्नाने आलेल्या, म्हणजे त्यांचा कॅन्सर आपल्या हिशोबात धरायचा नाही (चुलत-मामेभावंडांच्या हिशोबात मात्र धरायचा!). अडचण वेगळीच असते, जुन्या पिढीत कोणी नाव घ्यायचं नाही, "पोटात गाठ झाली होती", "बाईचा आजार होता", एवढंच. शिवाय सगळे आईकडचंच सांगतात आणि आत्यांना विसरतात, जणू स्तनाचा कॅन्सर बापाकडून येतच नाही. येतो. बापात बिघाड असेल तर तो स्वतः ठणठणीत असला तरी त्याच्याकडून मुलीला किंवा मुलाला बिघडलेलं जनुक मिळायची शक्यता आईइतकीच, ५० टक्के.

टेस्ट तशी सोपी, रक्त किंवा थुंकी द्यायची. चूक होते ती कोणाची करायची यात. शक्यतो आधी ज्याला कॅन्सर झालाय त्याची करतात, कारण तिथे बिघाड सापडला की बाकीच्यांत नेमका तोच शोधता येतो आणि मग नाही सापडला तर तो खरा दिलासा. पण निरोगी मुलीची एकटीची आधी केली आणि काही निघालं नाही, तर तिच्यात नाही की घराण्यातला बिघाड वेगळ्याच जनुकात आहे, काहीच कळत नाही. तिसराही रिपोर्ट येतो, "बदल आहे पण अर्थ माहीत नाही" असा, आणि त्यावर ऑपरेशन करत नाहीत, थांबतात. परदेशातल्या मराठी मंडळींनी घरबसल्या थुंकी पाठवायच्या किटवर फार विसंबू नये, २०१८ मध्ये अमेरिकेत ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीला परवानगी मिळाली ती अश्केनाझी (मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यू लोकांत जास्त दिसणारे फक्त तीन बदल सांगायची, २०२३ मध्ये ते ४४ झाले, आणि बीआरसीएमध्ये असे बदल हजारावर आहेत.

बिघाड निघाला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात वयाच्या ८० पर्यंत बाईला स्तनाच्या कॅन्सरची शक्यता बीआरसीए१ मध्ये ७२ टक्के आणि बीआरसीए२ मध्ये ६९ टक्के निघाली, ओव्हरीची अनुक्रमे ४४ आणि १७. म्हणून पंचविशीपासून स्तनांचा एमआरआय, मुलं झाल्यावर साधारण ३५ ते ४० मध्ये (बीआरसीए२ असेल तर थोडं उशिरा) ओव्हरी आणि ट्यूब काढणं, हे पर्याय समोर ठेवतात. ओव्हरीसाठी भरवशाचं स्क्रीनिंगच नाही म्हणून तिथे ऑपरेशनचा आग्रह जास्त, स्तनाच्या बाबतीत निर्णय ज्याचा त्याचा. लिंचमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचाही धोका, म्हणून विशीपासूनच (काही जनुकांत तिशीपासून) दर एकदोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासणं.

आपल्याकडे खरी गाडी अडते ती घरी. मोठ्या बहिणीचा रिपोर्ट आला की धाकटीच्या लग्नाचं काय, सोयरिकीला कळलं तर काय, म्हणून चुलत्यांना सांगतच नाहीत, आणि ज्यांना वेळेत तपासता आलं असतं ते राहून जातात. काउन्सेलर हे ओळखून असतात, नातेवाइकांना द्यायला चिठ्ठी लिहून देतात, पण पेशंटच्या परवानगीशिवाय स्वतः फोन करत नाहीत. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरात आणखी एक प्रश्न विचारतात, कारण दोघांकडून बीआरसीए२ चा बिघाड आला तर बाळाला फँकोनी अॅनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. लहान मुलांची बीआरसीए टेस्ट मात्र करत नाहीत, १८ पूर्ण झाल्यावर त्यांनी स्वतः ठरवायचं. डोळ्याचा कॅन्सर रेटिनोब्लास्टोमा किंवा आतड्यात शेकडो पॉलिप (छोट्या गाठी) होणारा एफएपी हा आजार यात लहानपणीच तपासतात, कारण तिथे आजारच लहानपणी सुरू होतो.