अरबस्तानातला ‘खरीप’

“अरबस्तान म्हणजे नुसती वाळू, हिरवं पान दिसायचं नाही” हे आपण लहानपणापासून ऐकतोय. अर्धंच खरं आहे ते. दक्षिण ओमानमधलं सलाला बघा. जून ते सप्टेंबर आपलेच नैर्ऋत्य मोसमी वारे तिथेही पोचतात. समुद्राच्या खोलातलं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं. त्यावरची दमट हवा धुकं होऊन धोफारच्या डोंगरांना अडते. आपल्यासारखा धो धो पाऊस नाही, नुसती भुरभुर. बाकीचं पाणी झाडांची पानंच धुक्यातून टिपून खाली ठिबकवतात. हिरवेगार उतार, त्यावर चरणाऱ्या गायी, रस्त्याकडेला शहाळी! या हंगामाला तिथे ‘खरीफ’ म्हणतात. आपला ‘खरीप’ त्याच अरबी शब्दावरून आला (मूळ अर्थ मात्र शरद ऋतू). डोंगर ओलांडला की पुन्हा वाळवंट.