रेफ्युजियममधला चिखल: पिशवी उघडण्यापासून छाटणीपर्यंत

आमच्याकडून समुद्री माशांच्या आणि प्रवाळांच्या टाकीसाठी रेफ्युजियमचा चिखल घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला हे पत्रक पिशवीसोबत देतो. सम्प म्हणजे मुख्य टाकीखालची फिल्टरची टाकी, आणि रेफ्युजियम म्हणजे तिच्यातला शैवाल वाढवण्याचा कप्पा. पिशवी फोडण्याआधी ते पूर्ण वाचा. चिखल एकदा सम्पमध्ये पसरला की झालेली चूक निस्तरायला फार वेळ लागतो.

चिखल नेमके काय करतो

चिखल घातला की तो नायट्रेट खाऊन टाकतो आणि पाणी आपोआप स्वच्छ राहते, अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. माशांच्या खाद्यातून पाण्यात उतरणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस शैवाल आपल्या अंगात साठवते. ते शैवाल तुम्ही हाताने काढून बाहेर टाकता, तेव्हाच ही घाण टाकीबाहेर जाते. खरा फिल्टर म्हणजे तुमची कात्री.

मग चिखल कशासाठी? त्याच्या बारीक कणांत कॉलर्पासारख्या शैवालाला धर मिळतो. लोह, मँगनीज अशी सूक्ष्मद्रव्ये त्यातून हळूहळू सुटतात. वरच्या थरात कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड हे बारीक कवचधारी जीव (पुढे नुसते ‘पॉड’) आणि बारीक किडे वाढतात, आणि त्यांची पिल्ले रिटर्न पंपातून (पाणी सम्पमधून वर चढवणारा पंप) मुख्य टाकीत जाऊन प्रवाळांच्या आणि मँडरिनसारख्या माशांच्या तोंडी पडतात. काही मिलिमीटर खाली प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. पण तीन-चार सेंटिमीटरच्या थरात हे काम मर्यादितच होते, त्यावर विसंबून मासे वाढवू नका.

ही पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत लेंग साय यांनी ‘मिरॅकल मड’ या नावाने लोकप्रिय केली. त्यांच्या मूळ मांडणीत चिखलावर कॉलर्पा होते, दिवा चोवीस तास चालू असे आणि स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) नव्हता. आम्ही त्यात दोन बदल सुचवतो, त्यांची कारणे पुढे येतील.

मापे

या पत्रकातली उदाहरणे २०० लिटरची मुख्य टाकी आणि सम्पसह एकूण सुमारे २३० लिटर पाणी धरून दिली आहेत. अशा टाकीला ४५ × ३० सेंमी तळाचा आणि २८ सेंमी पाण्याचा कप्पा, म्हणजे सुमारे ३८ लिटर, पुरेसा होतो. याहून लहान कप्प्यात पॉड वाढतील, पण नायट्रेट खाली येण्याची अपेक्षा ठेवू नका.

चिखलाचा थर ३ ते ४ सेंमी. किती लागेल ते काढायचे तर लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १००० ने भागा. ४५ × ३० × ३.५ म्हणजे पावणेपाच लिटरच्या आत. उरलेला चिखल ‘असू दे’ म्हणून वर ओतू नका. थर जाड झाला की तळाशी हायड्रोजन सल्फाइड साठते.

पाणी जास्त जोरात नको. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे मुख्य टाकीतून पाणी खाली आणणाऱ्या, पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) लावा, एका फाट्यावर व्हॉल्व्ह बसवा आणि या कप्प्यात ताशी २०० ते ३०० लिटर पाणी सोडा. बाकीचे थेट रिटर्नच्या कप्प्याकडे जाऊ द्या. पाइपचे तोंड काचेकडे वळवा, खाली चिखलाकडे नको. पाणी रेफ्युजियममध्ये येण्याआधी फिल्टर सॉकमधून (कचरा अडवणारी कापडी पिशवी) गेलेच पाहिजे. सॉक तीन-चार दिवसांनी बदला. चिखल निकामी होण्याचे आम्हाला सर्वांत जास्त दिसणारे कारण म्हणजे त्याच्यावर साचलेली माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य.

चिखल घालण्याची रीत

चिखल धुवायचा नाही. धुतलात तर ज्यासाठी पैसे मोजले ते बारीक कणच मोरीत वाहून जातील. रिटर्न पंप बंद करा. बादलीत टाकीचेच खारे पाणी घेऊन चिखल भज्यांच्या पिठाइतका घट्ट कालवा, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत हलवा आणि अर्धा तास तसाच राहू द्या. रेफ्युजियममध्ये तळापुरते, चार-पाच सेंमी पाणी ठेवा. वाटीने थोडा थोडा चिखल तळाशी नेऊन सोडा आणि प्लास्टिकच्या पट्टीने सारखा करा. त्यावर एक बशी ठेवा आणि पाणी बशीवर बारीक धारेने सोडत कप्पा भरा.

पंप लगेच चालू करू नका. किमान सहा तास, जमल्यास रात्रभर थांबा. तेवढा वेळ मुख्य टाकीत वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि रेफ्युजियममध्ये, चिखलापासून वर, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा. पंप सुरू झाल्यावर पाणी एक-दोन दिवस धुरकट दिसते. प्रवाळ थोडे मिटून बसतात. सॉक रोज बदला. तीन दिवसांनंतरही पाणी निवळले नाही तर प्रवाह चिखलाला लागतो आहे, व्हॉल्व्ह कमी करा.

पुढचे दोन-तीन आठवडे काचांवर तपकिरी भुकटी दिसेल. ते डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल, चिखलातल्या सिलिकेटवर वाढलेले. औषध घालू नका, आपोआप ओसरतात.

शैवाल कोणते

नवशिक्यांना आम्ही चेटो, म्हणजे चेटोमॉर्फा, देतो. केसांच्या गुंत्यासारखे हे शैवाल चिखलात रुजत नाही, पाण्यात तरंगते. त्याचा गोळा थेट चिखलावर पसरू देऊ नका. खाली कचरा साचतो आणि तळची बाजू अंधारात कुजते. प्लास्टिकच्या जाळीवर, चिखलापासून पाच-सहा सेंमी वर ठेवा आणि आठवड्यातून एकदा उलटा करा. सुरुवातीला नारळाएवढा गोळा बास.

कॉलर्पा चिखलात छान रुजते, झपाट्याने वाढते आणि दिसतेही सुंदर. पण त्यात एक धोका आहे. ताण आला किंवा वाढ फार दाट झाली की ते रातोरात बीजपेशी पाण्यात सोडते. सकाळी पाणी दुधट हिरवे, शैवाल काचेसारखे पारदर्शक, आणि त्याने साठवलेले सगळे पुन्हा पाण्यात. त्यातच प्राणवायू घसरतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात. मूळ पद्धतीत दिवा चोवीस तास ठेवत, तो हेच टाळण्यासाठी. कॉलर्पा ठेवायचेच असेल तर दिवा बंद करू नका आणि नियमित छाटा. छाटताना पाने मधून तोडू नका, आडवी धावणारी वेल पूर्ण उचला, नाहीतर तुटक्या टोकांतून रस पाण्यात उतरतो.

दिवा

६५०० केल्विनचा २० ते ३० वॅटचा एलईडी फ्लडलाइट किंवा लाल-निळा ग्रो लाइट, पाण्यापासून २० सेंमी वर. खाऱ्या तुषारांनी दिवा गंजतो, मध्ये अ‍ॅक्रिलिकची पट्टी ठेवा. वायर सॉकेटकडे नेताना वाटेत खाली झोल द्या, म्हणजे पाण्याचा थेंब प्लगपर्यंत पोहोचणार नाही.

चेटोसाठी दिवा रात्री लावा. मुख्य टाकीचे दिवे सकाळी १० ते रात्री ८ असतील तर रेफ्युजियमचा रात्री ९ ते सकाळी ९. अंधारात टाकीतले सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पहाटे पीएच घसरतो. रेफ्युजियममधले शैवाल तो वायू ओढून घेते आणि दिवस-रात्रीतला फरक कमी होतो. एसी लावून बंद ठेवलेल्या फ्लॅटमध्ये हा परिणाम कमी दिसेल, कारण तिथे खोलीच्या हवेतच कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. दिवसातून दोनदा खिडकी उघडून पाहा, पीएच लगेच फरक दाखवतो.

छाटणी आणि आकडे

सहा ते आठ आठवड्यांत कप्पा भरतो. मग दर दोन आठवड्यांनी एक तृतीयांश काढा, त्याहून जास्त एका वेळी नको. काढलेले शैवाल पिळा, वजन करा, वहीत लिहा. ढोबळ हिशोब असा: १०० ग्रॅम पिळलेले चेटो वाळल्यावर साधारण १० ग्रॅम उरते, त्यात ३ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन. म्हणजे ०.३ ग्रॅम नायट्रोजन, नायट्रेटच्या भाषेत १.३ ग्रॅम. आपल्या २३० लिटर पाण्यात ते ५ ते ६ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) भरते. इतके काढूनही नायट्रेट चढतच असेल तर खाद्य जास्त होते आहे.

नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा. शून्यामागे धावू नका. दोन्ही शून्यावर गेले की चेटो पांढरे पडून विरघळते, प्रवाळांचा रंग उडतो, आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट तपकिरी थर सगळीकडे पसरतो. तो घालवायला महिने लागतात.

अनेकांना पडणारे एक कोडे: नायट्रेट शून्य, फॉस्फेट मात्र ०.२, आणि शैवाल वाढत नाही. समुद्री शैवालात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सरासरी ३० अणू असतात. म्हणजे ०.१ पीपीएम फॉस्फेट उचलायला त्याला २ पीपीएम नायट्रेट लागते. नायट्रेट संपले की फॉस्फेट तिथेच अडकते. अशा वेळी फॉस्फेट रिमूव्हरआधी नायट्रेट द्या. आपल्या मापाच्या टाकीत शुद्ध सोडियम नायट्रेट ०.६ ग्रॅम, आरओ पाण्यात विरघळवून, नायट्रेट सुमारे २ पीपीएमने वाढवते. एका दिवसात त्याहून जास्त नको. शेतीच्या खताच्या दुकानातले नायट्रेट वापरू नका, त्यात अमोनिया आणि इतर धातू असू शकतात.

चिखल कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी (पाण्यातली कार्बोनेटची मात्रा, मोजायचे एकक डीकेएच) भरून काढेल अशी आशा ठेवू नका. कडक प्रवाळ असतील तर अल्कॅलिनिटी ८ ते ९ डीकेएच आणि कॅल्शियम ४०० ते ४४० पीपीएम राहील असे डोसिंग, म्हणजे ही द्रव्ये मापून घालणे, चालूच ठेवावे लागते. स्किमरही आम्ही काढायला सांगत नाही. पहिले सहा महिने तो हवाच. शैवालाला जम बसायला वेळ लागतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, स्किमर तोही वाढवतो.

वीज गेल्यावर

पंप थांबला की मुख्य टाकीतले पाणी उलटे सम्पमध्ये उतरते. ९० × ४५ सेंमीच्या टाकीत रिटर्नचे तोंड पाण्याखाली २ सेंमी असेल तर ८ लिटर, वर पाइपमधले वेगळे. सम्पमध्ये १२ लिटर जागा कायम रिकामी ठेवा. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीलगत पाडलेले, हवा ओढून उलटा प्रवाह तोडणारे ३ मिमीचे भोक शैवालाने बुजते, महिन्यातून एकदा काडीने साफ करा. ते बुजलेले असेल, सम्पमध्ये जागा नसेल आणि रात्री लोडशेडिंग झाले तर सकाळी पाणी फरशीवर असते.

दोन तासांहून जास्त वेळ वीज जात असेल तर बॅटरीवरचे दोन एअर पंप ठेवा, एक मुख्य टाकीत, एक रेफ्युजियममध्ये. चिखलातले जिवाणू साचलेल्या पाण्यातला प्राणवायू वेगाने संपवतात. सहा-आठ तास पाणी तसेच राहिले आणि कप्प्याला वास येत असेल, तर पंप चालू करण्याआधी ते पाणी सायफनने काढून टाका आणि तयार खारे पाणी भरा. ३५ पीपीटीचे (हजारात ३५ भाग क्षार) २० लिटर पाणी नेहमी तयार असू द्या.

बिघाड

सडक्या अंड्याचा वास आला तर चिखल ढवळू नका. रिटर्न पंप बंद करा, त्या जागेचा काळा चिखल सायफनने ओढून काढा, टाकीत ताजा कार्बन (पाणी शुद्ध करणारा सक्रिय कोळसा) लावा. एका वेळी पाव भागाहून जास्त काढू नका. काचेतून तळाशी नुसती काळी रेघ दिसते, वास नाही, तर घाबरायचे कारण नाही. ते लोहाचे सल्फाइड, जागेवर निरुपद्रवी.

चेटो फिकट हिरवे पडले, नायट्रेट-फॉस्फेट ठीक आहेत, तर लोह कमी आहे किंवा दिव्यावर क्षार चढले आहेत. आधी दिवा पुसा. पाणी पिवळसर दिसले तर शैवालातून सुटलेली रंगद्रव्ये आहेत, १०० ग्रॅम कार्बन महिनाभर ठेवा. चिखलावर लाल मखमली थर आला तर सायफनने काढा आणि सॉक बदलण्यात खंड पडला का ते पाहा.

माशांना पांढरे ठिपके आले म्हणून या टाकीत तांब्याचे औषध कधीही घालू नका. पॉड, गोगलगायी, प्रवाळ मरतील, आणि तांबे चिखलात आणि दगडात बसून पुढे दीर्घकाळ सुटत राहील. आजारी मासा वेगळ्या टाकीत हलवूनच उपचार करा. रेफ्युजियममध्ये मासे, खेकडे काही सोडू नका. नॅसेरियस गोगलगायी दोन-तीन चालतात.

दोन वर्षांनी चिखल बदलायला घ्या: एका वेळी पाव भाग, दोन खेपांमध्ये किमान सहा आठवडे.

खाडीचा चिखल आणि काढलेले शैवाल

ठाण्याच्या किंवा वसईच्या खाडीतला चिखल फुकट मिळतो, तो चालेल का, असे विचारले जाते. चालणार नाही. त्यात सांडपाणी आणि कारखान्यांचे जड धातू असतात, आणि कांदळवने कायद्याने संरक्षित आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा प्रवाळ लागलेला दगड उचलणे हाही गुन्हा आहे. कडक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

काढलेले शैवाल खाडीत, नाल्यात किंवा संडासात टाकू नका. कॉलर्पा टॅक्सिफोलिया मोनॅकोजवळ १९८४ मध्ये समुद्रात दिसले आणि तिथून भूमध्य समुद्रभर पसरले. कॅलिफोर्नियात ते २००० मध्ये सापडले आणि पूर्ण नष्ट करायला २००६ उजाडले. एक छोटा तुकडाही पुरतो. शैवाल गोड्या पाण्यात तासभर बुडवा, त्याने क्षारही जातात, मग गच्चीवर कडक उन्हात कुरकुरीत वाळवा आणि कुंडीच्या खतात मिसळा. बादलीतले पाणी गाळणीतून ओता.

दुकानात विचारायला येताना पाण्याची क्षारता, तापमान, नायट्रेट, फॉस्फेट, अल्कॅलिनिटी यांचे त्याच दिवशीचे आकडे, मागच्या दोन छाटण्यांची वजने आणि रेफ्युजियमचा पांढऱ्या उजेडातला फोटो आणा. लाल-निळ्या दिव्याखालच्या फोटोत चेटो हिरवे आहे की पिवळे ते कळत नाही.