रामचंद्रदेव यादव आणि यादवांचा यदुवंश

रामचंद्रदेव म्हणजेच आपला रामदेवराव, देवगिरीच्या यादवांचा शेवटचा मोठा राजा, साधारण 1271 ते 1311 अशी चाळीसेक वर्षं गादीवर होता. पण गादी सरळ मिळालेली नव्हती. काका महादेव वारल्यावर त्याचा मुलगा आमणदेव राजा झाला, तर रामचंद्र म्हणे नटमंडळी घेऊन सोंग करून किल्ल्यात शिरला आणि खेळ ऐन रंगात असताना त्याने चुलतभावाला धरलं, पुढे त्याचे डोळेही काढले.

घराण्याचा दावा थेट श्रीकृष्णाच्या कुळाचा. मंत्री हेमाद्री, ज्याच्या नावावर आपण दिसेल त्या जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो, त्याने आपल्या 'व्रतखंड' या संस्कृत ग्रंथात सगळी वंशावळ दिलीय: आधी मथुरा, मग द्वारका, मग दृढप्रहार दक्षिणेत आला, त्याचा मुलगा सेउणचंद्र आणि त्याच्यावरून नाशिककडचा मुलूख तो सेउणदेश. दृढप्रहाराच्या आधीची नावं पुराणातली, ती इतिहास म्हणून धरण्यात अर्थ नाही. पुढचे मात्र खरे, आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. मूळ मराठी की कन्नड हा वाद अजून चालूच आहे, लेख दोन्ही भाषांत सापडतात. झेंड्यावर गरुड, बिरुद 'द्वारावतीपुरवराधीश्वर', आणि गंमत म्हणजे हेच बिरुद कर्नाटकातले होयसळ राजेही लावायचे, जे यादवांचे पक्के वैरी! म्हणजे एका द्वारकेला दोन मालक. तरी दावा लोकांत चांगला रुजला असणार, कारण 1290 साली ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी याच राजाला 'यदुवंशविलासु' म्हटलंय.

1296 ला अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर आला तेव्हा मुलगा शंकरदेव मोठी फौज घेऊन बाहेर होता. घाईघाईत धान्याची म्हणून पोती गडावर चढवली, उघडून बघतात तर आत मीठ! (ही गोष्ट फरिश्ता या फारसी इतिहासकाराने लिहिलीय, म्हणजे तीनशे वर्षांनी.) तह करून खंडणी कबूल करावी लागली. खंडणी थकली म्हणून 1307 च्या सुमारास खिलजीचा सरदार मलिक काफूर आला, राजाला दिल्लीला नेलं, पण तिथे मान देऊन 'रायरायान' किताबासकट परत पाठवलं. त्यानंतर तो मरेपर्यंत दिल्लीशी प्रामाणिक राहिला. शंकरदेवाने तसं केलं नाही, तो काफूरशी लढताना मारला गेला, आणि रामचंद्राचा जावई हरपाळदेवाने बंड केलं तर त्याला जिवंत सोलून काढला.