सीटी एक्सरेपेक्षा ‘क्लिअर’ नसतो हो! स्पेशियल आणि कॉन्ट्रास्ट रिझोल्यूशनची गल्लत

बोटाला फ्रॅक्चर आहे का एवढंच बघायचंय आणि पेशंटबरोबर आलेले काका म्हणतात, डायरेक्ट सीटी स्कॅनच काढा ना, त्यात जास्त क्लिअर येतं. काकांचं सोडा, त्यांचा काय दोष, पण एक्सरे-सीटी काढायच्या आमच्याच लाइनमधली पोरं ‘सीटीचं रिझोल्यूशन जास्त’ असं बिनधास्त ठोकून देतात तेव्हा डोकं फिरतं. कुठलं रिझोल्यूशन बाबा? (आणि ते स्पेशियल आहे, ‘स्पेशल’ नाही. स्पेशल थाळी असते.)

स्पेशियल म्हणजे अगदी जवळजवळच्या दोन बारीक गोष्टी सुट्या दिसतात की एक होतात. लिखा काढायची फणी आठवा, एक दात नि एक फट मिळून एक लाइन पेअर, आणि एका मिलिमीटरमध्ये अशा किती जोड्या सुट्या दिसतात तो आकडा. साध्या डिजिटल एक्सरेत साधारण ३, मॅमोग्राफीत त्याहून बरंच जास्त, आणि नेहमीच्या सीटीत जेमतेम १च्या आसपास. हो, सीटीत कमी! ३५ सेंमीचं चित्र ५१२ बाय ५१२ खणांत (पिक्सेलमध्ये) बसवलं की एक खण जवळपास ०.७ मिमीचा होतो, डिजिटल एक्सरेचा खण बहुतेक ०.१५ मिमीच्या आगेमागे. फोकल स्पॉट (नळीत एक्सरे जिथून निघतात तो ठिपका, तो छोटा तर चित्र शार्प), पेशंटचं हलणं, ही भानगड वेगळी, ती असो.

खरी गोची इथे आहे. एखादी गोष्ट बारीक आहे म्हणून दिसत नाही आणि चांगली मोठी आहे पण शेजारच्यासारखीच आहे म्हणून दिसत नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत. मैद्याच्या परातीत मूठभर तांदळाची पिठी टाका, ढीग चांगला पुरीएवढा, तरी कुठे पडला ते कळणार नाही, भिंग आणलंत तरी नाही. हे कॉन्ट्रास्ट रिझोल्यूशनचं काम. डोक्याला मार लागून आत लिंबाएवढी रक्ताची गाठ झाली तर कवटीच्या एक्सरेत हाडाची रेघ न् रेघ दिसते आणि गाठीचा पत्ता नाही, कारण मेंदू आणि रक्त एक्सरे जवळपास सारखेच अडवतात. कोण एक्सरे किती अडवतं ते सांगणाऱ्या सीटीच्या मोजपट्टीवर हवा उणे १०००, पाणी ०, मेंदू ३०-४०, ताजं गोठलेलं रक्त ६०-७०. म्हणजे फरक सगळा ३०चा, आणि सीटीला त्याहून कितीतरी कमी फरकही पकडता येतो. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनमध्ये, सीटी बनवणाऱ्या हाउन्सफिल्डच्या मशीनवर पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला, तेव्हा चित्र फक्त ८० बाय ८० खणांचं होतं, नुसते जाडेभरडे चौकोन, पण त्यात मेंदूतला ट्यूमर दिसला. फिल्मवरचा एक्सरे त्याच्यापेक्षा कितीतरी शार्प होता, त्याचा काय उपयोग?

आता कोणीतरी म्हणणारच, मग एक्सरेत न दिसलेलं मनगटाचं फ्रॅक्चर सीटीत कसं सापडतं? अहो, एक्सरे म्हणजे सावली, पुढचं-मागचं हाड एकावर एक पडतं, सीटी त्याचे काप करून दाखवतो. झाकलेलं उघडं पडलं, बारीक वाचायची ताकद वाढली असं नाही.

आणि दोन्ही एकदम वाढवा म्हणणाऱ्यांना, बारीक दिसावं म्हणून ५ मिमीचा स्लाइस (काप) १.२५ केला की तेवढ्याच रेडिएशनच्या डोसमध्ये नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, दुप्पट होतो, तो परत खाली आणायला डोस चौपट लागतो आणि तो पेशंटला बसतो. लिव्हरच्या चित्रावर कॉम्प्युटरमधला हाडासाठीचा शार्प फिल्टर मारून ‘बघा किती क्रिस्प’ म्हणणाऱ्यांचा तर मला राग येतो, त्या दाणेदार चित्रात फिकट गाठ बुडून जाते. लिव्हरला मी जाड स्लाइस आणि मऊ फिल्टरच लावतो, काकांना ते धुरकट वाटलं तरी चालेल. आणि बोटाचा एक्सरेच काढणार, छोट्या फोकसवर, बोट प्लेटला चिकटवून.