जळगाव ते कॅलिफोर्निया: किलोमीटर आणि तासांची पार्श्वभूमी

धुळे-जळगावकडची मुलं शिकून अमेरिकेत स्थिरावली आणि आता त्यांचे आईवडील नातवंडांना भेटायला निघतात. तिकीट निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: किती लांब, किती तास? दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर सांगितलं जातं. पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणून धरला तर भरेल तेवढं हे अंतर. तो दोरा थेट ध्रुवप्रदेशावरून जातो, भिंतीवरच्या सपाट नकाशात ते कळत नाही. विमान मात्र सहसा त्या दोऱ्यावरून जात नाही.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा हे थांबे घेत ते १० जूनला पोचलं. आज हाच प्रवास न थांबता नऊ-दहा तासांत होतो. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आलं आणि लंडनमार्गे न्यूयॉर्कही जोडलं गेलं. अंतर तेच राहिलं; थांबे गेले, वेग वाढला.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते २०१६ सालचं उदाहरण. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून पश्चिमेला जायचं. त्या ऑक्टोबरात ते उलट दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं गेलं. रस्ता जवळपास १,४०० किलोमीटरनं वाढून १५,३०० झाला, तरी प्रवास सुमारे दोन तासांनी घटला! कारण साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. पश्चिमेला जाताना ते समोरून अडवतात, पूर्वेला जाताना पाठीमागून ढकलतात. म्हणूनच लंडनहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

वाऱ्याइतकंच राजकारणही वेळ ठरवतं. २०१९ मध्ये काही महिने आणि एप्रिल २०२५ पासून पुन्हा पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं. वळसा वाढला, इंधन जास्त लागू लागलं आणि अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना ते भरायला वाटेत युरोपातल्या व्हिएन्नात उतरावं लागलं. वयस्कर प्रवाशाला हा थांबा फार जड जातो.

आणि खान्देशातल्या माणसाचा प्रवास मुळात मुंबई-दिल्लीपासून सुरूच होत नाही. जळगाव ते मुंबई रेल्वेनं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. भुसावळ, यावल, रावेरकडून त्यात आणखी भर. जळगावचा जुना विमानतळ २०१२ मध्ये नव्यानं उभा राहिला, 'उडान' या छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या सरकारी योजनेतली मुंबईची सेवा डिसेंबर २०१७ मध्ये आली, पण ती सलग टिकली नाही. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी विमानं पुन्हा सुरू झाली. तरी मुंबईचं परदेशी विमान पहाटेचं असेल तर बहुतेक घरं आदल्या दिवशीच गाडी धरतात, आणि हे तास तिकिटावर कुठेच छापलेले नसतात.