विनिपेग जेट्स: एक नाव, दोन खातेवह्या

जेट्स हा कॅनडातल्या विनिपेग शहराचा आइस हॉकी संघ. त्याचा इतिहास सांगताना घोळ होतो तो ‘फ्रँचायझी’ या एका शब्दाने. फ्रँचायझी म्हणजे लीगमध्ये खेळण्याचा परवाना. तो गाव बदलतो तेव्हा आधीचे गोल आणि विक्रमही कागदोपत्री त्याच्यामागून जातात. प्रेक्षक मात्र गावातच राहतात.

पहिले जेट्स १९७२चे, एका प्रतिस्पर्धी लीगमधले. तिथे त्यांनी तीनदा चषक जिंकला. १९७९ मध्ये मोठ्या लीगचं, म्हणजे एनएचएलचं, दार उघडलं, पण बहुतेक चांगले खेळाडू गमावून. १९८०-८१ च्या अख्ख्या हंगामात त्यांनी जेमतेम ९ सामने जिंकले. नव्वदच्या दशकात कॅनडाचा डॉलर घसरला. तिकिटांचे पैसे त्या डॉलरमध्ये यायचे, पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागायचे. १९९५ मध्ये संघ वाचवायला शाळकरी मुलांनी आपले गल्ले रिकामे केले. तरी १९९६ मध्ये संघ अमेरिकेतल्या फीनिक्सला गेलाच.

२०११ मध्ये अटलांटाचा संघ विकत घेऊन विनिपेगला आणला गेला. हंगामी तिकिटांची खुली विक्री १७ मिनिटांत संपली. लोकांचा हट्ट एकच, नाव जेट्सच हवं. तेच ठेवलं, आणि गुंता इथे झाला. लीगच्या नोंदीत या संघाचा जन्म १९९९चा, अटलांटातला. त्यामुळे अटलांटाकडून खेळलेला, पण विनिपेगकडून कधीच न खेळलेला माणूस बरीच वर्षं इथला सर्वाधिक गोल करणारा ठरत होता. उलट १९९२-९३ मध्ये एका नवख्या फिनिश खेळाडूने विनिपेगच्या जर्सीत केलेले ७६ गोल, जो नवख्यांचा विक्रम आजही मोडलेला नाही, ते फीनिक्सच्या खात्यात! नियम असेल, पण हा त्या गावावर अन्याय आहे. नव्या संघातल्या एकाला जर्सीवर ९ नंबर हवा होता. कागदावर तो मोकळाच होता, तरी पहिल्या जेट्समधल्या ९ नंबरवाल्याची संमती घेतली गेली. कागदापेक्षा तेच खरं वाटतं.

अटलांटाचंही दुःख आहेच. १९८० मध्ये त्यांचा पहिला संघ कॅलगरीला गेला होता.

पुढे फीनिक्सचा संघ दिवाळखोरीत गेला, शेवटी विद्यापीठाच्या छोट्या रिंकमध्ये खेळला. २०२४ मध्ये खेळाडू युटाला गेले, पण तो संघ नवा मानला गेला आणि जुना इतिहास बरोबर गेला नाही. म्हणजे ते ७६ गोल आज खेळत असलेल्या कुठल्याच संघाचे नाहीत. विनिपेगमध्ये प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, प्रेक्षक आजही नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत येतात. ती प्रथा १९८७ची, पहिल्या जेट्सची.