सिलिकॉन फोटॉनिक्स

सिलिकॉनच्या चिपवर विजेच्या तारांऐवजी प्रकाशाच्या वाटा कोरून माहिती वाहून नेण्याचे तंत्र. डेटा सेंटरमधील सर्व्हर फायबरने जोडणारे ट्रान्सीव्हर (विजेचे संकेत प्रकाशात आणि प्रकाशाचे विजेत बदलणारी उपकरणे) ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. डोळ्यांना सिलिकॉन अपारदर्शक दिसते, पण १.१ मायक्रोमीटरहून अधिक तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला ते काचेसारखे आरपार असते. दूरसंचारात रुळलेल्या १३१० आणि १५५० नॅनोमीटर या तरंगलांब्या याच पट्ट्यात येतात. हा योग जुळला म्हणूनच हे क्षेत्र उभे राहिले.

मूळ घटक म्हणजे वेव्हगाइड, प्रकाशाची वाट: सुमारे ४५० नॅनोमीटर रुंद, २२० नॅनोमीटर उंच अशी सिलिकॉनची कड. सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात किती मंदावतो त्याचे माप) ३.४८, भोवतीच्या ऑक्साइडचा १.४४. एवढ्या फरकामुळे प्रकाश आत घट्ट कोंडला जातो आणि ५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या वळणावरही फारसा सांडत नाही.

यासाठी लागणारा वेफर, म्हणजे जिच्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती, तिपदरी असतो. एका वेफरमध्ये ठरावीक खोलीवर हायड्रोजनचे आयन रुतवतात, मध्ये ऑक्साइड ठेवून तो दुसऱ्या वेफरला जोडतात आणि तापवतात. हायड्रोजनच्या रेषेवर सिलिकॉन दुभंगते, ऑक्साइडवर पातळ पापुद्रा उरतो. त्यावर प्रकाशसंवेदी लेप देऊन १९३ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने नक्षी उमटवतात आणि प्लाझ्माने कोरतात. खरी परीक्षा इथे होते. कोरलेल्या भिंतीवर एकदोन नॅनोमीटरचा खडबडीतपणा राहिला तरी प्रकाश विखुरतो. सेंटिमीटरमागे २ डेसिबल घट धरली, तर तेवढ्या अंतरात एकतृतीयांशाहून अधिक प्रकाश गेला. अपवर्तनांकाचा जो फरक प्रकाशाला कोंडतो, तोच हे विखुरणेही वाढवतो. गोल कड्याच्या आकाराच्या अनुनादकात (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश धरून ठेवणाऱ्या बंद वाटेत) तर रुंदी १ नॅनोमीटरने चुकली की अनुनादाची तरंगलांबीही जवळपास तेवढीच सरकते. म्हणून कड्यावर धातूचा बारीक हीटर बसवून ती जागेवर आणावी लागते.

प्रकाशावर माहिती चढवणारा मॉड्युलेटर हा वेव्हगाइडमध्येच घडवलेला पी-एन डायोड असतो. विद्युतभारांची संख्या बदलली की अपवर्तनांक बदलतो; रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये त्याचे गणित मांडले. इंटेलने २००४ मध्ये १ गिगाहर्ट्‌झच्या पुढचा मॉड्युलेटर दाखवला. प्रकाश पुन्हा विजेत बदलणाऱ्या डिटेक्टरसाठी सिलिकॉनवर जर्मेनियमचे स्फटिक वाढवतात. दोघांच्या जालकांत, म्हणजे अणूंमधल्या अंतरांत, सुमारे ४ टक्क्यांची तफावत असल्याने ते काम जिकिरीचे असते.

लेसर मात्र सिलिकॉनचा होत नाही, कारण त्याची ऊर्जापट्ट्यांची रचना प्रकाश बाहेर टाकायला प्रतिकूल आहे. त्यावर उपाय म्हणून इंडियम फॉस्फाइडचा तुकडा चिपवर चिकटवतात. इंटेल आणि सँटा बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००६ मध्ये असा विजेवर चालणारा संकरित लेसर तयार केला.

शेवटचा अडथळा फायबरचा. त्यातला प्रकाशझोत सुमारे १० मायक्रोमीटर रुंद, चिपवरची वाट अर्ध्या मायक्रोमीटरहून अरुंद. म्हणून वाटेच्या टोकाशी पंख्यासारखी पसरट जाळी कोरतात आणि फायबर किंचित तिरके धरून तिच्यावर आणतात. वेफर कापण्याआधीच प्रत्येक चिप तपासता येते ती या जाळीमुळेच.